फक्कीची रेघ

नकाशात वसाहत सरळ आहे.
चौऱ्याहत्तर साली कुणीतरी टी-स्क्वेअर ठेवून आखलेली:
बारा गल्ल्या, दोनशे सोळा घरं,
मधोमध हिरव्या पेन्सिलीनं भरलेला आयत,
त्यात सुवाच्य अक्षरात, मोकळी जागा.

मी त्याच आयतावर क्लबहाऊस काढून आणलं होतं.
रंगीत प्रिंट, काचेच्या भिंती,
आणि कुठल्यातरी देशातली माणसं
हातात कॉफी घेऊन चाललेली.

सूतगिरणी बंद पडून वीस वर्षं झाली
तरी पाचच्या भोंग्याच्या वेळेला
माणसं आपोआप बाहेर येतात इथं.
तेव्हा पाण्याच्या टाकीखाली मी प्रिंट पसरली,
चार कोपऱ्यांवर चार दगड.

रत्नाक्का चौगुले चष्मा पुसून वाकल्या.
‘ह्यात आमची वाट कुठाय?’
कसली वाट?
‘तिरकी. दवाखान्याची.’

पन्नास वर्षं
तिसऱ्या पाळीची माणसं तिथनं घाईनं गेली,
बाळंतिणी सावकाश गेल्या,
तिरड्याही गेल्या,
आणि गवत उगवायचं विसरलं.
उपग्रहाच्या फोटोत ती दिसते,
पांढरी, बारीक, नख ओढल्यासारखी.
मी डाग समजून पुसली होती.

मग सुकुमार मगदूम आले म्हैस घेऊन.
रोज येतात. कोपऱ्यावरच्या खांबाला बांधतात,
गिऱ्हाईक पेला धरून उभं,
धार थेट पेल्यात, फेस ओठाला.
‘सायेब, घराला दोन-दोन गाड्यांची जागा काढलासा.
लई झ्याक. आता हिची काढा.’
सगळे हसले. मीही.
मग कुणीच हसेना.
म्हैस तेवढी रवंथ करत राहिली.

पंपहाऊसच्या भिंतीवर निळी आडवी रेघ:
एकोणीस साली पाणी इथवर.
तिच्याखाली एकवीसची, जरा कलती,
रंगवताना इलाही मुजावरचा हात थरथरत होता.
‘तुमचा पहिला मजला हिच्या वर येतोय का खाली,
तेवढं सांगा. मग लावा काचा.’
मी स्केल बघितली. एकास पाचशे.
एकास पाचशेत माणूस म्हणजे एक टिंब.
म्हैस दोन टिंबं.

पुढच्या रविवारी आम्ही एकास एक आखलं.
तालमीतनं फक्कीचं पोतं आलं,
सुतळी, खुंट्या, शाळेतला टेप.
नवं घर, खऱ्या मापाचं, बिनभिंतीचं.
यशोधरा कांबळे स्वयंपाकघरात उभी राहिली,
हात पसरून एकदा गोल वळली.
‘मी मावते. सासू मावत नाही.’
रेघ खरवडली, फूटभर सरकवली.
मुजावर आडवा झाला झोपायच्या खोलीत,
पाय दारात. पुन्हा सरकवली.
तर शेजारी आला भांडायला
आणि हवेतल्या भिंतीवर
हात आपटायला लागला.

अंधार पडला तरी सगळं जुळलं नव्हतं.
लिफ्टचा खर्च कुणी द्यायचा, ते राहिलं.
म्हशीला खांब मिळाला, छप्पर नाही.
एकशे बाराचे गणपा भोपळे सही करेनात.
‘आमची ही ह्या घरात वाट चुकत न्हाई,’
एवढंच म्हणाले.
त्या नावं विसरतात, गॅस विसरतात,
दिवस आहे का रात्र ते विसरतात,
पण काळोखात भिंतीला हात लावून
मोरीपर्यंत बरोबर जातात.
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
वहीत लिहून घेतलं:
एकशे बारा. मोरी डावीकडं. अकरा पावलं.

नंतर पोरं सुटली,
भिंतींतून, खिडक्यांतून, कपाटांतून आरपार,
त्यांना कोण अडवणार.

सकाळी टेप विसरला म्हणून परत गेलो.
फक्कीची घरं पुसट झाली होती.
स्वयंपाकघरातनं निघालेली
पांढऱ्या पावलांची एक रांग,
अनवाणी, जवळजवळ टाकलेली,
तिरक्या वाटेनं
एकशे बाराच्या उंबऱ्यापर्यंत.
दार अर्धं उघडं.
आत ती डावीकडं वळली होती.